समीक्षाची चाल

८ ऑक्टोबर

व्यायाम करून घ्यायला येणारा धम्मरत्न म्हणाला, "ताई, रोज पानभर हातानं लिहीत जा. बोटं चालू राह्यतात."

"काय लिहू?"

"शाळेतल्यावाणी. माझी ओळख. मंग सुचन ते लिहा. शेजारणीच्या चुगल्या लिहा."

तर माझी ओळख. मी संजीवनी, मलकापूर, वय त्रेचाळीस. याच घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर होतं. आता तिथं माझा पलंग आहे, कारण जिना चढता येत नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं आवरण खातात. आधी हा आजार यायचा, जायचा. आता मुक्कामाला आहे. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते, बाहेर पडायचं तर चाकाची खुर्ची. कात्री धरून तर किती वर्षं झाली.

यजमान निवृत्ती, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. मुलगी डिंपल, बारावीला. आई, रुखमाबाई, बाबा गेल्यापासून आमच्याकडे. धाकटी बहीण समीक्षा बुलढाण्याला कोर्टात स्टेनो. तिचा नवरा कुलदीप कॉलेजात शिकवतो. त्यांना मूलबाळ नाही अजून.

शेजारणीच्या चुगल्या पार्लर बंद पडल्यापासून कळत नाहीत. हात दुखला.

४ नोव्हेंबर

दिवाळीला समीक्षा आली होती. आज गेली. ती आली की घर भरतं हे खरं, पण आईचा पदर तिच्याच मागे फिरतो हेही खरं. "समू, चकली घे. समू, थकली का वं?" थकायला ती बुलढाण्याहून घाट उतरून आली होती, डोंगर चढून नाही.

काल दुपारी ती माझ्या केसांना तेल लावत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "ताई, महिना झाला, उजव्या डोळ्यानं साबण लागल्यावाणी दिसते. चष्म्याचा नंबर बदलला असन."

मी म्हटलं, असेल.

"आन मान खाली घातली का पाठीतून करंट जाते. टायपिंग करून करून झालं असन, नाही?"

तो करंट मला पाठ आहे. मला तो यायचा तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मणक्याचं दुखणं म्हणून पट्टा बांधला होता, आणि पट्ट्यातच दोन वर्षं गेली.

मी तिला सांगितलं, चष्म्याचं नाही, उद्याच मेंदूचा एमआरआय कर. आवाज चढला माझा. ती रडायला लागली, आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि मलाच बोलली, "सणासुदीचं काऊन भेव घालून राह्यली तिले?"

हे पान कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ओळखलं त्या क्षणी मी घाबरले. पण घाबरायच्या आधी काहीतरी वेगळंच वाटून गेलं. बरं वाटलं. वाटलं, आता मी एकटी नाही.

२२ नोव्हेंबर

तेच निघालं.

कुलदीपचा फोन यांना आला. यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणत होतीस तेच." आई देवापुढे जाऊन बसली. मला झालं तेव्हा ती देवापुढे बसली होती का, आठवत नाही. तेव्हा ती समीक्षाच्या लग्नाच्या गडबडीत होती.

संध्याकाळी आईने पिशवी भरली. म्हणाली, "थोडे दिवस समूजवळ राहतो. तुह्याजवळ निवृत्ती हाये, डिंपल हाये."

माझ्या अंघोळीचं काय, हे मी विचारलं नाही. तिनेही नाही.

१३ डिसेंबर

मुंबईहून आलो. सगळे गेलो होतो, कारण डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींना एकत्र बोलावलं. मोठं हॉस्पिटल. माझ्यासारख्या खुर्च्यांची तिथं रांग होती, आणि समीक्षा तिच्या पायांनी खटाखट चालत माझी खुर्ची ढकलत होती. एका बाईने तिला विचारलं, "पेशंट ह्या का?" ती म्हणाली, "दोघीबी." बाईला ते खरं वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. समीक्षाचा आजार ताजा आहे, नुसत्या गोळ्यांनी आवरणारा नाही, वेगाने वाढतो आहे. तिच्यासाठी एक मार्ग आहे. तिच्याच रक्तातल्या स्टेम सेल काढून गोठवायच्या. मग जबर औषधं देऊन उलटलेली सगळी फौज मारून टाकायची. मग त्या मूळ पेशी परत सोडायच्या, त्यातून नवी फौज तयार होते. धोका आहे, मधल्या काळात साधा तापही जिवावर बेतू शकतो. पण ताज्या आजाराला चांगला फरक पडतो.

मी म्हटलं, "आणि मला?"

त्यांनी माझे एमआरआयचे सगळे फोटो पुन्हा लावून पाहिले. तेवढ्या वेळात मी सगळं ठरवून टाकलं होतं. पार्लरला आरसा कुठला घ्यायचा तेसुद्धा.

"संजीवनीताई, तुमच्या फोटोंत आता नवी सूज दिसत नाही. जुनी इजाच हळूहळू पुढे सरकते आहे. हा उपचार सूज थांबवतो. गेलेली नस परत आणत नाही. तुम्हाला त्रास सगळा होईल आणि हाती काही लागणार नाही. मी तुम्हाला हे देणार नाही."

"सुरुवातीला आले असते तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तर विचार केला असता."

मी यांना म्हटलं, मला बाहेर घ्या. बाहेर बसून मी भिंतीकडे बघत राहिले. समीक्षाला वेळेत कोणी पाठवलं? मी. मला कसं कळलं? कारण माझा करंट कोणी ओळखला नव्हता. मी पाय गमावून जे शिकले त्यावर ती चालणार.

ती दोघं आत बराच वेळ होती. बाहेर आली तर कुलदीपचे डोळे लाल आणि समीक्षाचं तोंड चुन्यासारखं पांढरं. एवढी संधी मिळाली आणि तोंड असं! माझ्या आतून राग उसळला. गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. ती खिडकीतून बघत होती. समोरच्या बाईचं तान्हं रडत होतं, ते हिने मांडीवर घेतलं आणि मलकापूर येईपर्यंत सोडलं नाही.

२९ डिसेंबर

समीक्षाने उपचाराची तारीख अजून घेतली नाही म्हणे. ती आणि कुलदीप संभाजीनगरला कुठल्याशा दुसऱ्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. आईला फोनवर विचारलं कसली तपासणी, तर म्हणते, "असंच. बायकाईचं." मग घाईघाईने विषय बदलला.

मला कोणी आज म्हणालं असतं तर मी उभ्या उभ्या गेले असते. म्हणजे, बसल्या बसल्या.

९ जानेवारी

एक सापडलं आहे. फोनवर जाहिरात आली. मोठ्या शहरातलं क्लिनिक, बाळाच्या नाळेतल्या स्टेम सेल मणक्यात टोचतात. जुना आजार, नवा आजार, काही बघत नाहीत. चालत आलेल्या माणसांचे व्हिडिओ आहेत. मी एका बाईचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, ती आधी खुर्चीत आणि मग नातवाच्या मागे पळते.

तिथल्या माणसाशी बोलले. केवढा गोड बोलला. "मोठी हॉस्पिटलं सोप्या केसेस घेतात मॅडम. अवघड केसेस आम्ही घेतो." मला हे इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझे रिपोर्ट फोटो काढून पाठवले. लगेच निरोप आला : रिपोर्ट बघितले, तुम्ही थेरपीसाठी एकदम योग्य आहात, तारीख धरून ठेवतो.

समीक्षाला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, नको करू. मी मुंबईच्या डॉक्टरले विचारलं होतं तुह्यासाठी. ते म्हणे असं कुठंच मान्य नाही, लोकाईले इन्फेक्शन झाले, काहीईले गाठी आल्या."

"तुले कोणं सांगतलं माह्यासाठी विचाराले?"

"ताई..."

"तुह्यं होऊन राह्यलं न? मंग माह्यं होऊ दे."

फोन ठेवला. स्वतःला मिळालं की दुसऱ्याचं दार लावायला माणूस किती तत्पर असतो!

१० जानेवारी

लिहू की नको. डिंपल सकाळी माझा फोन घेऊन लाइटचं बिल भरायला बसली. म्हणाली, "मम्मी, बिलाचा फोटो तू कोण्या डॉक्टरले पाठवला?"

पाहिलं. रिपोर्टांचे फोटो गेलेच नव्हते. माझ्या बोटाने भलत्याच चौकोनावर दाबलं होतं. गेलं होतं ते विजेचं बिल, पुढून आणि मागून. आणि त्यावर त्या माणसाने लिहिलं होतं की मी एकदम योग्य आहे.

डिंपल हसता हसता लोळली. मीही हसले. ती कॉलेजला गेल्यावर दार लावून घेतलं.

तारीख रद्द केली. समीक्षाला सांगितलं नाही. तिचं खरं ठरलं हे तिला कळायची काही गरज नाही.

३० जानेवारी

उद्या समीक्षा मुंबईला निघते. गाडी इथूनच, म्हणून आज इथं आली. आल्या आल्या माझ्यापुढे पाटावर पाठ करून बसली.

"केस काढून दे, ताई. औषधानं जातीलच. तिथं कोन्या अनोळखी माणसानं काढण्यापेक्षा तुह्या हातानं जाऊ दे."

"माह्या हातात मशीन राहत नाही."

"डिंपल तुह्यं मनगट धरन."

समीक्षाचे केस कमरेपर्यंत. लहानपणी गल्लीतल्या बायका तिची वेणी हातात धरून बघायच्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, हिचे आईवर गेले नाहीत. आधी कात्रीने वेणी कापली, मग मशीन. डिंपलने मनगट धरलं होतं तरी दोन ठिकाणी उंचसखल झालं. मला वाटलं होतं मला थोडा तरी आनंद होईल. झाला नाही. तिच्या मानेवर लहानपणी पडल्याची खूण आहे, ती इतक्या वर्षांनी दिसली.

केस झाडताना ती अचानक म्हणाली, "डिंपलच्या येळेस तुले पयल्यांदा लाथ कधी कळली?"

"आता हे काऊन विचारून राह्यली?"

"असंच." आणि डिंपलला जवळ ओढून म्हणाली, "हे मले देऊन टाक ना वं, ताई."

गमतीने म्हणाली. पण डिंपलही तिच्या त्या बोडक्या डोक्यावर गाल ठेवून बसली. मला ते आवडलं नाही. म्हटलं, "डिंपल, अभ्यास नाही का?"

१९ फेब्रुवारी

पेशी परत सोडल्या. आईचा फोन होता. "येवढीशी पिशवी वं, टमाट्याच्या रसावाणी. येवढ्यासाठी येवढं!" मग समूचं तोंड कसं सोललं आहे, समू कशी घोटभर पाणी गिळत नाही, समू कशी काचेच्या खोलीत आहे. मी कशी आहे ते विचारायचं राहिलं. ठेवताना आठवलं तिला, "तू बरी हाये न?" मी म्हटलं, "हाव."

हे सध्या मला अंघोळ घालतात. पाठ चोळताना चुकून जोर लागला तर स्वतःच "सॉरी" म्हणतात. काट्यावर दिवसभर गाडीवाल्यांवर ओरडणारा माणूस. आज म्हणाले, "तुझं नाही झालं, याचं मलाही वाईट वाटते संजू. तू एकटीच चिडलेली नाहीस." मी डोळ्यांत साबण गेल्याचं दाखवलं.

२ एप्रिल

समीक्षा इथं राहायला आली. तपासणीला मुंबईला जाणं-येणं, आणि बुलढाण्याहून घाट उतरून गाडी धरायची म्हणजे हाल. कुलदीप शनिवारी-रविवारी येतो. आईला दोघी एका घरात बऱ्या. सगळं बरोबर आहे.

वरच्या खोलीत एसी बसवला. कूलरच्या ओल्या गवतात बुरशी असते, तिला चालत नाही. मलकापूरचा उन्हाळा, गरमीत माझ्या पायांची लाकडं होतात, आणि मी इतकी वर्षं कूलरवर. यांना म्हटलं नाही काही. आज यांनीच म्हटलं, "तुझ्या खोलीतही घेऊ." घेऊ. म्हणजे नंतर.

संध्याकाळी ऊन उतरलं की ती मास्क लावून अंगणात चालते. माझ्या खिडकीसमोरून तुळशीपर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी आईचा हात धरून. आता हात सोडला आहे.

१४ एप्रिल

ती चालते आणि मी बघते. हे माझं रोजचं काम झालं आहे. आई खुर्ची टाकून म्हणते, "छान चालून राह्यली, समू." हे म्हणतात छान. कुलदीप व्हिडिओ काढतो. तिचं पाऊल टाचेवर पडतं, मग चवड्यावर, मग उचलतं. मला तर तिचे खांदेही पाठ झाले. उजवा जरा वर असतो, पहिल्यापासून. माझा पाय असा कधी उचलायचा ते मला आठवत नाही, म्हणून मी तिचा बघते. बघवत नाही, आणि तरी दुपारपासून वाट बघते, कधी खाली येईल.

२१ एप्रिल

आज घासलं.

तुळशीवरून वळताना तिचं डावं पाऊल उचललं गेलं नाही. चपलेचं टोक फरशीवर घासलं, खर्र. परत येताना पुन्हा. मला तो आवाज माहीत आहे. माझं सगळं त्या आवाजाने सुरू झालं. आई म्हणाली, "छान."

मी काहीच बोलले नाही.

खरं लिहिते. मला आनंद झाला. लपवता येणार नाही असा. वाटलं, चला, एवढं करून काही झालं नाही. आली माझ्याच रांगेत. रात्रीची भाकर मी रोजच्यापेक्षा जास्त खाल्ली.

२२ एप्रिल

सकाळी ती चहाला खाली आली नाही. डिंपल कप वर नेऊन आली आणि क्लासला निघता निघता म्हणाली, "मावशीचा हात तव्यावाणी लागते. ते म्हणे गरमीनं."

साधा तापही जिवावर बेतू शकतो, हे डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं.

मी हाका मारल्या. आई न्हाणीत होती. हे कामावर निघाले होते, हाका ऐकून फाटकातून परत आले. "वर जा. तिचा ताप बघा. तिचं डावं पाऊल कालपासून घासून राह्यलं."

"कालपासून? कोणी बोललं नाही ते?"

"आधी वर जा!"

एकशे दोनच्या वर ताप. दोन दिवस ती चोरून तापाच्या गोळ्या घेत होती. पुन्हा दवाखाना नको म्हणून, पुन्हा ती काचेची खोली नको म्हणून. मुंबईला डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, थांबू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी करून अकोल्याला नेलं. मी जाऊ शकत नव्हते. फाटक उघडंच राहिलं होतं, ते लावायला मी वॉकर घेऊन अंगणात गेले आणि तुळशीपाशी पडले. डिंपल क्लासहून येईपर्यंत तिथेच होते.

२५ एप्रिल

न्यूमोनिया सुरू होत होता. आता उतार आहे. कुलदीपचा फोन होता. म्हणाला, "अजून एखादा दिवस गेला असता तर कठीण होतं असं डॉक्टर म्हणाले. ताई, तुम्ही पाऊल पाहिलं म्हणून. किती जीव लावता तुम्ही तिला!"

मी विचारलं, "आणि आजार? परत आला?"

"नाही. तापानं जुन्या जखमेचं दुखणं वर येते म्हणे, तात्पुरतं. ताप उतरला तसं पाऊल सरळ पडून राह्यलं. नवीन काही नाही."

म्हणजे मी ज्याचा आनंद मानला ते झालंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "तिनं आधीच एवढं सोडलं आहे. हेही गेलं असतं तर..."

"काय सोडलं?"

त्याला वाटत होतं मला माहीत आहे. त्या औषधांनी मूल होण्याची आशा जवळपास संपते. मुंबईला मी रागाने बाहेर गेले, त्यानंतर हेच बोलणं झालं. संभाजीनगरला आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतील का ते बघायला गेले होते. दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि आजार थांबायला तयार नव्हता. आईला माहीत होतं. यांना माहीत होतं. मला सांगू नका असं समीक्षाने सगळ्यांना बजावलं होतं. का, तर "ताईले आधीच येवढं हाये."

५ मे

समीक्षा परत आली. दुपारी खाली येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसली. डोक्यावर करड्या लवेसारखे केस उगवले आहेत.

"ताई, तुह्याच नजरेले दिसलं. बाकी सगळे छान छान करत होते."

मला तिथंच थांबता आलं असतं. पण तिने माझा हात धरला होता आणि मला तो धरवत नव्हता.

"समू, मी जीव लावून नव्हती पाहत. तुह्या पायाचा हेवा करून पाह्यत होती. आन घासलेलं आदल्या दिवशीच दिसलं होतं. बोलली नाही. बरं वाटलं मले."

तिने धरलेला हात काढला नाही. वर पंखा किरकिरत होता.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशीचं नाही. पाह्यण्याचं. तू खिडकीत बसते तवा माह्या पाठीले कळते."

"मंग काऊन चालत होती माह्यासमोरून?"

"मी बी डिंपलकडं तशीच पाह्यतो न, ताई. ते आली न् तुह्या गळ्यात पडली का मले उठून जावं वाटते. त्या दिवशी केस काढताना म्हटलं न, मले देऊन टाक. तुले मजाक वाटली."

"मजाक नाही वाटली. राग आला होता."

"येनारच."

आम्ही दोघी हसलो का रडलो ते नीट सांगता येत नाही. आई दारात येऊन बघून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही, अशा गोष्टीची मागतात कशी ते मला येत नाही. उठताना म्हणाली, "आता दिसलं का त्याच दिवशी सांगत जा. हेवा कर, पण सांगत जा."

१७ मे

मुंबईचे फोटो आले. समीक्षाच्या मेंदूत नवी जखम नाही. दोन-तीन वर्षं बघावं लागेल, मगच खात्री, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने पेढे आणायला लावले. मी एक खाल्ला. गोड होता, पण दुसरा घेतला नाही.

माझ्या हाताचं धम्मरत्न म्हणतो, पूर्वीपेक्षा पकड कमी आहे. मला माहीत आहे.

संध्याकाळी ती अंगणात उतरली. तुळशीवरून वळली की दर वेळी खिडकीशी थांबून विचारायची, "सांग." मी सांगायची. "उजवा खांदा वर." "घाई करून राह्यली." शेवटच्या फेरीला पाऊल अगदी सरळ पडत होतं, टाच, चवडा, उचल. मी वाट बघितली, कुठं तरी चुकेल. चुकलं नाही.

"बरोबर हाये," मी म्हटलं. म्हणायला जड गेलं.

तेवढ्यात डिंपल क्लासहून आली आणि पिशवी ओट्यावर टाकून तिच्याबरोबर चालायला लागली. समीक्षाने तिचा हात धरला, आणि धरल्यावर थांबून खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. मग त्या दोघी चालत राहिल्या आणि मी बघत राहिले.